जोडीतली दुसरी केबल

इस्पितळात मला सगळे ‘स्विचबाई’ म्हणतात. त्यामुळे वॉर्डातला पंखा बंद पडला तरी फोन मलाच येतो. अहो, माझा स्विच तो नव्हे, हे किती जणांना सांगून झालंय. माझा स्विच म्हणजे तळघरातल्या गार खोलीत, लोखंडी कपाटात बसलेली चपटी पेटी. तिला ओळीने भोकं, म्हणजे पोर्ट. प्रत्येक पोर्टात एकेक केबल, आणि कुणाचं बोलणं कुणाकडे पोचवायचं हे ती पेटी ठरवते. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, “बरं, पण पंखा?”

बगळ्याला असलं कुणी विचारायचं नाही. बगळा म्हणजे माझा कामातला जोडीदार. उंच, किडकिडीत, शिडीवर चढला की एक पाय दुमडून उभा राहणार, म्हणून हे नाव. कुणी काहीही तक्रार केली की तो शांतपणे म्हणायचा, “आधी केबल बघा.” जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याचा हा एकच उपाय. माझ्या आईचा गुडघा धरतो असं मी सांगितलं, तेव्हाही हे वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. माझे डोळे बघून त्याने ते गिळलं.

कित्येक वर्षं आम्ही त्या तळघरात एकत्र काढली. एकमेकांना अहो-जाहो करत, एकमेकांच्या डब्यातलं खात, आणि सारखे भांडत. मग दुसऱ्या गावात इस्पितळाची शाखा निघाली आणि साहेबांनी त्याला तिकडे पाठवलं. जाताना तो माझं चांगलं पान्ह्यांचं पाकीट घेऊन गेला. मी ते परत मागितलं नाही. मला तो आवडायचा, हे सरळच सांगते. उगाच आढेवेढे कशाला?

शाखेची लाइन नवी होती, भरवशाची नव्हती. म्हणून साहेबांनी नियम केला, की शाखेतल्या माणसाने सकाळी कामावर आल्या आल्या इथल्या मशीनला हाक मारायची. याला पिंग म्हणतात. तिकडचं मशीन विचारतं, ‘आहेस का?’ आणि इकडचं मशीन आपण होऊन म्हणतं, ‘आहे.’ चार हाका, चार वेळा ओ. आम्ही तिला हजेरी म्हणायचो. पुढे लाइन सुधारली, तपासायला वेगळी यंत्रणा आली, नियम मोडीत निघाला. हजेरी तेवढी चालू राहिली, त्याच्या मशीनवरून माझ्या मशीनला. मी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडून ठेवली होती. त्याची हाक आली की तिच्यात ओळ उमटायची. बगळा जन्माचा लेटलतीफ, त्यामुळे ती ओळ कधी उमटेल याचा नेम नसायचा. माझा चहा तिच्यासाठी थांबायचा आणि गार व्हायचा. गार चहा पिऊन मी दिवसाला लागायचे.

मध्यंतरी तो एका कामासाठी दिवसभर इकडे आला. दुपारी स्विचच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी केबलींवर नव्या चिठ्ठ्या लावत होते.

“समुद्रातून केबल टाकणाऱ्या जहाजावर नोकरी मिळतेय,” तो म्हणाला. “महिनाअखेरपर्यंत कळवायचंय.”

“मग जा की. पाण्यातच बरे दिसाल तुम्ही.”

तो हसला नाही. “जाऊ?”

“मला काय विचारताय? मी काय तुमची साहेब आहे?”

“तू सांग,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ‘तू’. “तू म्हणालीस तर मी जात नाही. इथे परत बदली मागून घेतो. मग आपण... म्हणजे तुझ्या आईला विचारून, रीतसर.”

आता खरं तर माझ्यासारख्या बाईने, जी साहेबांना तोंडावर ऐकवते, ठेकेदाराला रडकुंडीला आणते, तिने एक ‘हो’ म्हणायला काय हरकत होती?  पण मी एकाच केबलला दोन चिठ्ठ्या लावल्या.

त्याला दया आली असावी. म्हणाला, “बरं, तोंडाने नको सांगूस. नको असेल तर तुझ्या मशीनचं उत्तर बंद करून टाक. मी सकाळी हाक मारेन, ओ आली नाही तर समजेन. परत कधी विषय काढणार नाही, शब्द देतो. आणि ओ येत राहिली, तर जहाज गेलं खड्ड्यात.”

“जहाज खड्ड्यात कसं जाईल?” मी म्हणाले. सुचलं ते एवढंच.

घरी आईला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. “म्हणजे तुझं लग्न ते डबडं ठरवणार? तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलंय?”

“आई, आमच्यात असंच असतं.”

“तुमच्यात काहीच असत नाही, म्हणून तर बिनलग्नाची एवढी मोठी झालीस.”

तिला कळणार नव्हतं. आम्हा लोकांना तोंडाच्या शब्दापेक्षा केबलीवरून आलेल्या उत्तराची खात्री जास्त वाटते. माणूस खोटं बोलतो, मनात एक ठेवून दुसरं बोलतो. मशीन ‘आहे’ म्हणालं म्हणजे ते असतं. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मी माझ्या मशीनचं उत्तर चालू असल्याची खात्री केली. मग परत केली. थोड्या वेळाने त्याची हाक आली, चार ओळी उमटल्या, आणि मी अंगावर मोरपीस फिरल्यासारखी खुर्चीत बसून राहिले. माझं सांगून झालं होतं.

त्याच आठवड्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी रजेवर गेले.

रजेवरून आले तर साहेब खुशीत होते. शाखेकडे आतापर्यंत एकच केबल होती. माझ्यामागे त्यांनी ठेकेदाराकडून दुसरी जोडून घेतली होती आणि दोन्हींची मोट बांधली होती. म्हणजे स्विचवरचे दोन पोर्ट एकत्र करून त्याला सांगायचं, की बाबा रे, या दोन केबली वेगळ्या समजू नकोस, ही एकच जाड केबल आहे. बगळा याला ‘पोर्टांचं लग्न लावणं’ म्हणायचा.

“आता दुप्पट वेग,” साहेब म्हणाले.

तसं नसतं. मी त्यांना समजावायला गेले. स्विच एकाचं बोलणं अर्धं या केबलीवर आणि अर्धं त्या केबलीवर असं वाटत नाही, नाहीतर शब्द मागेपुढे पोचतील. आपल्याकडच्या कुठल्या मशीनचं बोलणं कुठल्या केबलीवरून जाणार, ते तो एकदा ठरवतो आणि मग त्या मशीनला कायम त्याच वाटेने पाठवतो. जाणाऱ्याची वाट इकडचा स्विच ठरवतो, येणाऱ्याची तिकडचा. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ठेकेदाराने जोडी घाईत, जुन्या पद्धतीने बांधली होती. नव्या पद्धतीत दोन्हीकडचे स्विच प्रत्येक केबलीवर एकमेकांची खुशाली विचारत राहतात, आणि जिच्यावर उत्तर येत नाही तिला जोडीतून काढून टाकतात. जुन्या पद्धतीत कुणी कुणाला विचारत नाही. दिवा लागला, म्हणजे सगळं ठीक. मी कपाटात डोकावून पाहिलं. दोन्ही पोर्टांचे दिवे हिरवेगार लुकलुकत होते. मोठा सर्व्हर शाखेशी नीट बोलत होता. आईच्या औषधांच्या वेळा डोक्यात होत्या, मी पुढे काही पाहिलं नाही.

आणि हजेरी येत होती! ती येत होती म्हणून मला कशाचीच शंका आली नाही. उलट चार हाकांवर भागेनासं झालं. चौकटीत ओळींमागून ओळी उमटायच्या, थांबायच्या, तासाभराने परत सुरू व्हायच्या. कधी दुपारी. कधी मी घरी निघायची तयारी करताना. मला हसू यायचं. किती हा उतावळेपणा! माझं मशीन ‘आहे, आहे, आहे’ म्हणून थकलं असेल आणि या बाबाचं मन भरत नाही. एकदा तर मी पडद्याला बोटाने टिचकी मारून म्हणाले, “अहो, ऐकलं, पुरे.” शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस माझ्याकडे बघत राहिला.

महिनाअखेर आली आणि गेली. तो काही आला नाही, फोनही नाही. मी आईला सांगितलं, बदलीचे कागद असतात, काम सोपवायचं असतं, वेळ लागतो.

“तू फोन कर,” आई म्हणाली.

“मी का करू? माझं सांगून झालंय. आता पाळी त्याची.”

“पाळी काय पाळी? तुम्ही पत्ते खेळताय का?”

मी फोन केला नाही. हट्ट होता, दुसरं काही नाही. शिवाय हजेरी होतीच की. पुढे पुढे तर त्याच्यात एक फरक पडला. हाकांचा पाऊस थांबला आणि रोज सकाळी ठरल्या वेळेला, घड्याळ लावावं इतक्या नेमाने, चार ओळी उमटायला लागल्या. ना एक कमी, ना एक जास्त. बगळा सुधारला, मी मनात म्हटलं. संसार करायचा म्हणून वेळेवर उठायला लागला. माझा चहा आता गरम मिळायचा. मी तो कपात दोन्ही हातांनी धरून प्यायचे आणि आमचं घर कसं असेल याचा विचार करायचे. शिडी कुठे ठेवायची, इथपर्यंत विचार झाला होता. रोज वाटायचं, आज जिन्यावर त्याची पावलं वाजतील. जिन्यावर पावलं वाजली की माझा जीव गोळा व्हायचा आणि वर कुणीतरी पंख्याबद्दल विचारायला आलेलं असायचं.

मग एका सकाळी, हजेरीच्याही आधी, एक्स-रेवाल्या मावशी आल्या. बगळ्याला ‘बगळा’ हे नाव देणाऱ्या त्याच. शाखेतले फोटो वाचणारे डॉक्टर मोठ्या रजेवर होते, ते परतले होते, आणि मावशींनी पाठवलेला एकही एक्स-रे त्यांना मिळत नव्हता.

“माझं मशीन नवं आहे हं,” मावशी आधीच म्हणाल्या. “माझ्यावर ढकलू नका.”

मी मावशींचं मशीन तपासलं, ठीक होतं. मोठ्या सर्व्हरवरून शाखेला हाक मारली, ओ आली. मावशींच्या मशीनवरून मारली, ओ आली नाही. एकाचं चालतंय, दुसऱ्याचं नाही. म्हणजे भानगड त्या जोडीतच असणार. मी लॅपटॉप घेऊन तळघरात गेले.

अशा वेळी आम्ही एक गोष्ट करतो, तिला आरसा लावणं म्हणतात. स्विचला सांगायचं, या पोर्टातून जे काही जातंय-येतंय त्याची एक नक्कल त्या पलीकडच्या मोकळ्या पोर्टावर टाक. तिथे आपला लॅपटॉप लावायचा आणि ऐकत बसायचं. लॅपटॉपला सगळं ऐकू येतं. बोलता मात्र काही येत नाही. बगळा म्हणायचा, “चोरून ऐकणाऱ्याने मधे तोंड घालू नये, हा स्विचचा कायदा.”

पहिल्या केबलीवर आरसा लावला. जाणं-येणं दोन्ही, बाजार भरल्यासारखा गजबजाट. दुसऱ्या केबलीवर लावला. इथे नुसतं जाणं. मावशींचे एक्स-रे जात होते, जात होते, आणि तिकडून चकार शब्द येत नव्हता. दिवा हिरवाच. केबल कुठेतरी जोडलेली होती, पण भलतीकडे. असं एकच होऊ शकतं: ठेकेदाराच्या माणसाने तिकडचं टोक बरोबरच्या पोर्टात न घालता शेजारच्या, कुणीच नसलेल्या पोर्टात घातलं असणार. आमच्या स्विचला दिवा दिसला, त्याने आपलं अर्धं बोलणं त्या वाटेला लावलं, आणि ते सगळं एका रिकाम्या खोलीत जाऊन पडत होतं. तिकडचा स्विच मात्र सगळं चांगल्या केबलीवरूनच पाठवत होता, म्हणून येणारं सगळं नीट येत होतं.

चला, सापडलं, म्हणून मी लॅपटॉप मिटायला गेले. तेव्हा यादीत वरच्या बाजूला, मघाशी हजेरीच्या वेळेला जमा झालेल्या ओळींमध्ये, एक पत्ता दिसला. मावशींच्या मशीनचा नव्हता. माझ्या मशीनचा होता. ‘आहे. आहे. आहे. आहे.’ चार उत्तरं, बगळ्याच्या मशीनच्या नावाने, दुसऱ्या केबलीवर.

मी तिथेच जमिनीवर बसले. 

त्याला एकही ओ पोचली नव्हती. मी रजेवर गेले तेव्हापासून एकही नाही. तो हाका मारत राहिला, तासातासाला, दुपारी, संध्याकाळी, आणि त्याच्याकडे नुसता शुकशुकाट. आणि मी इथे हसत होते. उतावळेपणा म्हणत होते! प्रत्येक गोष्टीत आधी केबल बघणारा माणूस, पण या एका गोष्टीत त्याने केबल पाहिली नाही. गप्प बसण्याचा अर्थ त्याने स्वतःच ठरवून दिला होता ना. आणि परत विचारणार नाही असा शब्दही दिला होता. मेला शब्दाचा पक्का.

मी उठून दुसऱ्या केबलीच्या टोकाची खिट्टी दाबली आणि ती उपटून काढली. दिवा विझला. स्विचने क्षणभर विचार केला आणि सगळं बोलणं चांगल्या केबलीवर आणलं. वर धावत येऊन मी माझ्या मशीनवरून त्याला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला. लगेच ओ आली. चारही. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. अजून आहे, मी म्हटलं, आहे अजून. मी शाखेचा फोन फिरवला.

फोन एका बाईने उचलला. “नेटवर्क विभाग.”

“बगळा... म्हणजे, सर आहेत का?”

“ते गेले हो. मी त्यांच्या जागेवर आलेय. बरेच दिवस झाले.”

“पण त्यांचं मशीन चालू आहे. रोज सकाळी हजेरी येते.”

“अच्छा, तुम्ही त्या होय!” तिचा आवाज बदलला. “ते मशीनच करतं. जाताना लावून गेले ते. रोज ठरल्या वेळेला तुमच्या मशीनला चार हाका. मी काढून टाकणार होते, तर म्हणाले, असू दे, तुझं काय बिघडतं. कधी उत्तर आलं तर तेवढं मला कळव. मी म्हटलं, येत नाही तर लावता कशाला? तर सामान बांधायला लागले. स्विचच्या खोलीतसुद्धा फारसे जायचे नाहीत शेवटी शेवटी.”

म्हणजे मी गरम चहा हातात धरून ज्याच्याबरोबर घर मांडत होते, ते एक घड्याळ होतं.

“हॅलो? आहात का?” ती म्हणाली. “अहो, थांबा, आत्ता तुमच्या मशीनकडून हाक आलेली दिसतेय इथे. म्हणजे लाइन...” ती थबकली. मग हळू आवाजात विचारलं, “लाइनच बंद होती का?”

“एक बाजू,” मी म्हणाले. “माझी.”

 बाई शहाणी होती, तिने पुढे काही विचारलं नाही.

“त्यांना कळवा, उत्तर आलं म्हणून,” मी म्हणाले. “एवढंच कळवा. त्यांना समजेल.”

“नाही,” ती म्हणाली. “राग मानू नका, पण हे मी नाही कळवणार. नंबर देते, तुम्ही स्वतः बोला. आणि आत्ता बोला. इतके दिवस बंदरात अडकलेलं जहाज आज सुटलंय. किनारा जवळ आहे तोवर फोन लागेल, पुढचं सांगता येत नाही.”

नंबर मला पाठ होता. इतकी वर्षं पाठ होता, लावला नव्हता. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. हिशेबनीस परत माझ्याकडे बघायला लागला. बघू दे.

“हॅलो.” मागे वारा आणि कसलंसं इंजिन.

“मी बोलतेय.”

नुसता वारा.

“ऐक. मी उत्तर बंद केलं नव्हतं. कधीच नाही. दुसरी केबल चुकीच्या पोर्टात होती. माझी सगळी उत्तरं तिच्यात गेली. मी रोज हो म्हणत होते. रोज. ऐकू येतंय का? हो म्हणत होते मी.”

 मग त्याचा आवाज आला, मोडकातोडका.

“...सही केली गं मी. दोन वर्षं... उतरता नाही येणार...”

“माहितीय.”

“...तू कशाला... तेव्हाच फोन...”

“हो. आणि तू कशाला नाही केलास?”

तो हसला की रडला ते कळलं नाही. मग बोलायला लागला, भराभर, बगळा इतकं एकदम कधी बोलला नव्हता. पण किनारा सुटत होता. मला तिसरा-चौथा शब्द तेवढा मिळायचा. ‘आई’ ऐकू आलं. ‘दोन वर्षं’ परत ऐकू आलं. त्यानंतर काहीतरी लांबलचक, आणि शेवटी आवाज चढला, म्हणजे तो काहीतरी विचारत होता. काय ते मला कळलं नाही.

काय विचारलं असेल याचा अंदाज मला बांधता आला असता. मी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी ओरडले, “काय म्हणालास? परत सांग!”

खरखर. एक अर्धा शब्द.

“परत सांग!”